फळीची पाठ

सकाळी रत्नागिरीहून आलेला निरोप मनीषने हुसेनमियाँना संध्याकाळी सांगितला. तोवर मियाँची बायको जोहरा गेली होती.

जेद्दाहमधल्या मनीषच्या कारखान्यात कामाच्या वेळी कामगारांचे मोबाइल कपाटात बंद असायचे. नकली मालाचे फोटो बाहेर जाऊ नयेत ना! म्हणून मियाँच्या मुलाने, नूरैनने, मनीषलाच फोन केला होता. मरणाऱ्या बायकोशी दोन शब्द बोलता आले असते. का सांगितलं नाहीस विचारलं, तर हा आपल्याच गावचा माणूस म्हणतो कसा, काम अडलं असतं! याला मातीत घातलं नाही तर नावाचा हुसेन नाही, अशी मियाँनी गाठ मारली.

काम तरी कसलं? युरोपात आठशे वर्षांपूर्वी चर्चमधल्या वेदीला रंगवलेल्या फळ्या लावत, मधोमध येशू, बाजूंना त्याचे शिष्य. तसल्याच नव्या बनवून मनीष जुन्या म्हणून विकायचा. रंग कारखान्यातल्या वैभवचा, अंड्याच्या बलकात कालवलेला. लाकूड मियाँचं. होड्या बांधलेला माणूस तो, फळीची पाठ हातातल्या वाकसाने अशी तासायचा की जुन्या सुताराचेच घाव वाटावेत.

पुढच्या फळीची पाठ मियाँनी मशीनच्या रंध्याने काढली आणि वर जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी फासलं. मनीषने जन्मात रंधा धरलेला नाही, त्याला काय डोंबल कळणार?

फळी एका शेखच्या बंगल्यात लागली. सौदा पक्का करण्याआधी शेखने स्पेनहून तज्ज्ञ बाई बोलावल्या. बाईंनी पुढून रंग पाहिला, मान डोलावली. भिंतीवरून काढू नका, किडकं लाकूड आहे, मोडेल, असं मनीष घाम पुसत सांगत होता. उचलायला म्हणून आणलेले मियाँ पुढे झाले. काही मोडत नाही म्हणाले आणि फळी उतरवून पालथी धरली. बाईंनी टॉर्च तिरपा मारला. मशीनचे एकसारखे पट्टे लख्ख दिसले. खलास! शेखने पोलिसांना फोन लावला. मियाँच्या काळजात असा गारवा पडला म्हणता, ईदच झाली त्यांची.

पोलीस येईपर्यंत दोघांना अंगणात बसवलं होतं. 

"त्या दिवशी नूरैनच्या हातून फोन जोहराभाभींनीच घेतला," मनीष म्हणाला. "ह्यांच्या हातात हत्यार असेल, आत्ता सांगू नका, हात कापून घेतील, म्हणाल्या. त्यांचं नाव घेणार नाही असा शब्द दिला होता मी, मियाँ."

खोटारडा मेला, म्हणत मियाँनी नूरैनला फोन लावला. त्या दिवशी अम्मी मनीषशी बोलली होती का, एवढंच विचारलं.

"हो, अब्बा. तुम्हाला आणखी वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही."

मियाँना आता जोहराचा राग आला. माझ्या हातांची काळजी केलीस आणि मला एक हाक मारली नाहीस, असं ते पुटपुटत राहिले. पोलिसांनी मनीषला गाडीत घातलं आणि फळी कुणी बनवली म्हणून विचारलं. मियाँनी तेच दोन्ही हात पुढे केले.