टेबलाखालचा राउटर

सव्वीस वर्षं फौजेत काढली, पण लाकूड कापायच्या मशीनची मला अजून भीती वाटते. कोरेगावात हे मी कुणाला सांगत नाही. रिटायर हवालदार सयाजी घाबरतो म्हटल्यावर चौकात काय काय बोलतील, मला ठाऊक आहे.

सुतारकाम माझं नाही, माझ्या सुनेचं. संयोगिता कपाटांची दारं करते आणि झकास करते. दारांच्या कडांना नक्षी पाडायला तिनं एक टेबल बनवलं. त्याच्याखाली राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, उलटा बसवायचा, त्याचं गरगर फिरणारं बिट, म्हणजे पातं, वर डोकावतं आणि फळी त्याच्यावरून हातानं पुढं सरकवायची. हातानं सरकवायची हे ऐकूनच मला कसंतरी झालं. माझा मुलगा वीरधवल सीमेवर आहे. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "आबा, तिच्या हाताकडं लक्ष ठेवा."

राउटर आणायला मी एकटाच साताऱ्याला गेलो. दुकानदार विष्णुपंतांनी दोन समोर ठेवले. एक बावीसशे वॅटचा, दुसरा हजाराचा. मोठा चालू केला तेव्हा काउंटर थरथरला आणि मी एक पाऊल मागं सरकलो.

"टेबलाला हाच घ्या," विष्णुपंत म्हणाले. "तिथं जाड लाकूड जातं. मशीनची ताकद कमी पडली की माणूस स्वतः जोर लावतो. शिवाय ह्याचा वेगही कमी करता येतो."

पटलं, तरी मी धाकटाच घेतला. कमी ताकदीचा म्हणजे कमी धोक्याचा, असं मनाशी धरलं. घरी मात्र सांगितलं की दुकानात एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं तो टेबलाखाली बसवला आणि सकाळचे दोन तास बरे गेले. साडेदहाला थ्री फेज, म्हणजे शेतीपंपांची वीज, आली. आमची शेड आणि आसपासच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. सगळ्यांनी वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो बसवलेत, त्यामुळं मोटारी एकदमच सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि शेडमधला दिवा मिणमिणता होतो. रोज तो दिवा बघणारा मी, दुकानात नेमकं तेवढंच विसरलो होतो. हजार वॅटचा राउटर कण्हायला लागला. सागाची फळी जागच्या जागी अडली, कड काळी पडली, जळका वास सुटला.

"थांब गं," मी म्हणालो.

"आवं आबा, एवढी एकच फळी ऱ्हायलीया. झाली की थांबते." आणि तिनं तळहाताचा जोर वाढवला.

मला विष्णुपंतांचं बोलणं आठवलं. ओरडावं तर ती दचकेल. बटण तिच्या पलीकडं होतं. मी तिकडं निघालो. दोन पावलं टाकतोय तोच थ्री फेज गेली. आमच्याकडं ती अशी अधेमधे जातेच. मोटारी बंद पडल्या, शेडची सिंगल फेज तेवढी राहिली, दिवा लख्ख झाला, राउटरचा आवाज एकदम चढला. अडलेली फळी सुटली आणि तिचा हात झपकन पुढं गेला.

मी डोळे मिटले. फौजेत कधी मिटले नव्हते.

उघडले तेव्हा तिनं राउटर बंद केला होता, फळी भिंतीपाशी पडली होती. संयोगिता उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक चाचपत होती. पाचही होती. करंगळीचं नख तेवढं अर्धं उडालं होतं.

मी सगळं कबूल केलं. "मोठा हुता तिथं. मीच भ्यालो."

"बरं," एवढंच ती म्हणाली. चिडली असती तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. एरवी ही पोरगी नवं हत्यार दिसलं की आधी उचलून बघते. विष्णुपंतांनी मोठ्या राउटरचं बटण दाबलं आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"धरून बघा की, ताई," विष्णुपंत म्हणाले.

तिनं मानेनंच नको म्हटलं. बोटं वाचली होती, पण माझी भीती तिला लागली होती. जन्मभर लाकडावर निर्धास्त फिरायचे ते हात मी एका दिवसात बिथरवले होते, आणि तेही तिला जपायच्या नावाखाली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मोठाच घिऊया. पण पयली फळी तुमी सरकवा."

मी व्हय म्हणालो. पण माझे हात मी खिशातून बाहेर काढले नाहीत.