एका रात्रीचा शब्द

"बूट तरी ने की घरी," मी म्हणालो.

"कशाला? उद्या परत वाहून आणायला?" टोबिन हसला आणि पायांत रबरी चपला सरकवून निघाला. "आणि ए रॉस्को, माझ्या कपाटाला हात लावशील तर बघ, म्हाताऱ्या. परत येणारा माणूस सामान नेत नसतो."

हा आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला रिवाजच आहे. ऑगस्ट संपता संपता क्लबला नव्वदांतले त्रेपन्न खेळाडू ठेवून बाकीच्यांना नारळ द्यावा लागतो. त्या दिवशी एखाद्या जुन्या खेळाडूला बाजूला घेऊन सांगतात, आज तुला कागदावर सोडतो, उद्या परत घेतो. नव्या पोरांच्या बाबतीत हे जमत नाही, त्यांच्यावर दुसरे क्लब झडप घालतात. जुना माणूस मात्र आपल्या मर्जीचा मालक असतो. तो रात्रभर थांबतो तो फक्त शब्दावर, आणि जाताना काही घेऊन जात नाही. नेलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो.

शब्द दिला होता आमच्या मॅनेजरने, ग्रेसन पेलने. संघात कोण राहणार आणि कोण जाणार हे तोच ठरवतो. एप्रिलमध्ये क्लब कॉलेजातली नवी पोरं निवडतात, त्या निवडीत त्याने एका पोराला मोठ्या थाटात उचललं होतं, कॅमेऱ्यासमोर टोपी घालून फोटो काढले होते. त्या पोराचा खांदा जुलैतच निखळला. आता नियमाप्रमाणे त्याला एक दिवस तरी त्रेपन्नांत ठेवल्याशिवाय जखमींच्या यादीत टाकून मोसमाच्या मध्यावर परत आणता येत नव्हतं. सोडून दिला असता तर ग्रेसनची फजिती झाली असती. म्हणून एका रात्रीपुरती टोबिनची जागा हवी होती.

"एका रात्रीचा प्रश्न आहे," ग्रेसनने टोबिनच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळी ये आणि सही कर."

"नक्की?"

"माझा शब्द."

दोघांनी हात मिळवले. मी तिथेच हेल्मेटचे पट्टे घट्ट करत होतो. या क्लबचं सामान मी सांभाळतो. माझ्यासमोर बोलताना कोणी आवाज खाली करत नाही, कारण मी त्यांच्या हिशेबी कपाटांपैकीच एक आहे.

टोबिन ह्रुस्काला कोणत्याही निवडीत कोणी उचललं नव्हतं. त्याचं काम म्हणजे वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा. मागे गुडघ्यावर बसलेला गडी तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि तिसरा लाथ मारतो. चेंडू हातात येताना त्याची शिवण पुढे, गोलखांबांकडे हवी. धरणाऱ्याला तो फिरवत बसावं लागलं तर खेळ खलास. टोबिनचा चेंडू कधी फिरवावा लागला नाही. अकरा मोसम खेळला, पण पेपरात त्याचं नाव आलं नाही, कारण या कामात नाव येतं ते चूक झाल्यावरच. सरावाआधी रोज तो मला गुडघ्यावर बसवायचा आणि माझ्याकडे चेंडू फेकून हात गरम करून घ्यायचा. येताना डोनटचा खोका आणायचा, माझ्या खोलीतल्या सगळ्यांसाठी.

त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला.

"दक्षिणेतल्या एका क्लबने विचारलंय. दोन वर्षांचा करार देतायत."

"मग?"

"मग काय? नाही म्हणालो. शब्द दिलाय ना."

"अरे, शब्द त्याने दिलाय. तू कुठे दिलास?"

"हात दोघांचा होता, म्हाताऱ्या. झोप आता."

सकाळी मी दार उघडतोय तोच ग्रेसन कॉफीचा कप घेऊन समोर उभा.

"सत्तेचाळीस नंबरचं कपाट रिकामं कर. नवा पोरगा येतोय."

"कोण नवा?"

"काल एका क्लबने सोडला, रात्री आपण उचलला. चोवीस वर्षांचा आहे, निम्म्या पगारात येतोय आणि चार वर्षं बांधलेला राहील."

"आणि टोबिन?"

"त्याच्या एजंटला निरोप ठेवलाय. हे बघ रॉस्को, वैयक्तिक काही नाही. हा धंदा आहे."

"तुम्ही शब्द दिला होता. माझ्या डोळ्यांदेखत."

"लेखी आहे कुठे?"

माझं डोकं फिरलं. खेळाडू पगार वाढवून मागायला गेला की हीच माणसं त्याला मिठी मारून सांगतात, आपण सगळे एक कुटुंब आहोत. बाहेर काढायची वेळ आली की लगेच धंदा. आणि धंदाच म्हणायचा तर काल तो कागदावर का नाही केला? कारण टोबिनसारखी माणसं कागद मागत नाहीत हे यांना पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्याच्या सचोटीवर ही माणसं आपला संघ उभा करतात, आणि वर स्वतःला हुशार म्हणवून घेतात.

"कपाटावरची त्याच्या नावाची पट्टी मी काढणार नाही," मी म्हणालो. "तू काढ."

"काय?"

"शब्द तू दिलास, नावही तूच काढ. मलाही काढायचं असेल तर तेही कर, जागा मोकळी होईल."

ग्रेसन लाल झाला. त्याने कप बाकावर ठेवला आणि पट्टीचं टोक नखाने खरवडू लागला. अकरा मोसमांचा डिंक, सुटतोय कसला! शेवटी किल्लीने ओरबाडून त्याने अर्धीच पट्टी काढली आणि निघून गेला. टोबिनचं सामान मात्र मी पेटीत भरलं. दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागावा असं मला वाटेना.

पेटी घेऊन फाटकाशी गेलो, तर टोबिनची गाडी उभी होती. तो डोनटचा खोका काखेत धरून यंत्रावर पुन्हा पुन्हा कार्ड घासत होता. पायांत त्याच रबरी चपला. पहारेकरी भलतीकडेच बघत होता.

"म्हाताऱ्या, माझं कार्ड बिघडलं वाटतं," तो ओरडला. मग त्याला माझ्या हातातली पेटी दिसली, आणि पेटीत वरच ठेवलेले बूट दिसले.

त्याने कार्ड खिशात टाकलं.

"त्या दक्षिणवाल्यांना फोन कर," मी म्हणालो. "आत्ता लगेच."

"त्यांनी रात्रीच दुसऱ्याची सही घेतली."

"मग आत चल. त्याच्या तोंडावर विचार त्याला. मी येतो बरोबर."

"काय विचारू? उत्तर तर तूच घेऊन आलायस."

त्याने पेटी घेऊन गाडीच्या टपावर ठेवली आणि डोनटचा खोका माझ्या हातात दिला. "आतल्यांना दे. नव्या पोरालाही एक दे. त्याची काही चूक नाही."

टोबिनने पेटीतून सरावाचा जुना चेंडू काढला.

"खाली बस."

"इथे? डांबरावर? माझे गुडघे..."

"बस रे."

मी खोका पहारेकऱ्याकडे दिला आणि बसलो. टोबिन पाठमोरा होऊन मोजकी पावलं पुढे गेला, चपला नीट रोवून वाकला. पायांमधून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चेंडू सोडला. तळव्यांवर तो नेहमीसारखाच थाडकन बसला.

मी खाली पाहिलं. शिवण पुढेच होती.