मागे राहिलेली काठवट

मी काठवट बोलतेय. लिंबाच्या लाकडाची आहे, पण माझ्यात थापलेली भाकरी कधी कुणाला कडू लागली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मानवतजवळच्या एका गावात सिताराम सुताराने मला चांगुणाबाईसाठी कोरलं. नवरा गेल्यावर तिने आपल्या एका खोलीच्या घराला कुलूप लावलं, मला डोक्यावर घेतलं आणि पाथरीच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आली. चाळीस पोरं, दोन वेळा, दीडशेच्या वर भाकऱ्या. तिचा तळवा रोज एकाच जागी पडायचा. तिथे मला खोलगा पडला आणि मला तो आवडायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळू लागली. त्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही, भाकरी हातातच तुटायची. चांगुणाबाई आधणाचं पाणी ओतून, चटके सोसत ते मळायची आणि अख्खी भाकरी काढायची. गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. अशा दिवसांत पोटभर जेवणाची नोकरी म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

माघात तिची एकुलती लेक रुख्मिणी देवगाव फाट्याहून एसटीने आली. आठवा महिना, पहिलं बाळंतपण. सासरच्यांनी रीतीप्रमाणे माहेरी धाडलेली. पण पोरांच्या वसतिगृहात तिला ठेवणार कुठं?

"आई, आपलं घर उघड," ती म्हणाली. "मला माज्या घरात बाळंत व्हायचंय."

"पोरांच्या परीक्षा होऊ दे बाई. वैशाखात उघडते."

"लेकरू काय परीक्षा संपायची वाट बघंल?"

चांगुणाबाईने तिला गरम भाकरी खाऊ घातली आणि दुपारच्याच गाडीने परत पाठवलं. हे तिचं चुकलं. मी तिची असले तरी त्यावर पांघरूण घालणार नाही.

त्या दिवसापासून तिच्याही भाकऱ्या चिरू लागल्या. मळता मळता हात थांबायचे. एकदा डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं, ते तिने तसंच मळून टाकलं. शेवटी ती अधीक्षक दिनकररावांपुढे उभी राहिली आणि काम सोडते म्हणाली.

दिनकरराव भला माणूस. "बाई, तुमच्यावाचून ह्ये पीठ कुणाला जमतंय? आन् दुष्काळात काम सोडून खाताल काय? परत आलात तर ही जागा ऱ्हायची न्हाई."

"समदं कळतंय मला, सर. पर लेकीचं माहेर कुलपात हाय. ते म्या न्हाई उघडलं तर कुणी उघडायचं?"

खडीच्या कामावरून तानुबाईला बोलावलं. आठ दिवस चांगुणाबाईने तिला मिलोची भाकरी शिकवली. नवव्या दिवशी सकाळी तिने बोचकं बांधलं, मला पुसून काखेत घेतलं आणि दारातून परत फिरली. वसतिगृहात दुसरी काठवट नव्हती.

"तू ऱ्हा गं," ती मला म्हणाली. "लेकरं जेवायची हायत."

आणि गेली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

फाल्गुनात दिनकररावांना पत्र आलं. कुलूप काढलेल्या त्याच खोलीत चांगुणाबाईला नात झाली होती. चांगुणाबाई स्वतः आता खडी फोडायला जात होती.

पुढच्या वर्षी ती आली. हातात डोक्यावर ओझं ठेवायची चुंबळ होती. मी ओळखलं, मलाच न्यायला आलीय. पण तानुबाई माझ्यात भाकरी थापत होती आणि पोरं ताटल्या घेऊन बसली होती.

"न्यायची का काठवट?" तानुबाईने विचारलं.

"नगं बाई. सहज आले व्हते." ती पाणी प्याली, माझ्याकडे बघितलं आणि चुंबळ पदराखाली धरून निघून गेली. मला हाक मारता आली असती तर मी तिला वेशीपर्यंत जाऊ दिलं नसतं.

त्याला पाच वर्षं झाली. वसतिगृहात आता मोठ्या पराती आल्यात आणि मी भिंतीला टेकून उभी असते. मानवतच्या बाजूला कुणी जाणार असाल, तर चांगुणाबाईला एवढा निरोप द्या. म्हणावं, पोरं आता माझ्यावाचून जेवतात. आता ये आणि मला घेऊन जा.