डाव्या हातावरचे वळ

"मी आलो सकाळी सात चाळीसला. तो माशाचा काटा अडकलेला आला सव्वाआठला. आणि आत कोण गेलं? काटा!"

विभागातल्या एकमेव चाकांच्या खुर्चीत सुजलेला पाय पसरून बसलेले पाक, म्हणजे काका, दार्सोनो हे शेजारणीला सांगत होते. आवाज मात्र असा बेताने चढवलेला, की समोरच्या टेबलापर्यंत नीट पोचावा.

टेबलाशी वुर्यानी सिस्टर होत्या. तातडीच्या विभागात येणाऱ्याला आधी त्यांनी पाहायचं, चार प्रश्न विचारायचे आणि मनगटाला लाल, पिवळी नाहीतर हिरवी पट्टी बांधायची. लाल लगेच आत. पिवळा थोडा थांबून. हिरव्याने बसायचं आणि बसल्याबसल्या सिस्टरच्या नावाने खडे फोडायचे.

"त्यांना श्वास घेता येत नव्हता, पाक. तुमचा घोटा काही पळून जात नाही."

"पळता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

सगळे हसले. शेजारीण, इबू म्हणजे मावशी कासिरा, तीही तोंडावर ओढणी धरून हसली. साठीची, बाजारात केळीच्या पानात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधून विकणारी बाई. मनगटाला हिरवी पट्टी. सोबत लेक मुर्ती.

"यांनाच घ्या हो आधी," कासिरा म्हणाली. "माझं काय, वारा शिरलाय नुसता. लेकीने उगाच आणलं."

आमच्याकडे डोकं धरलं तरी वारा शिरलेला असतो आणि पोट बिघडलं तरी वाराच. मग घरातलं कुणीतरी पाठीला तेल चोळतं, नाण्याच्या कडेने खरवडतं, लाल वळ उठतात, माणूस ढेकर देऊन झोपतो. वुर्यानी सिस्टरही अशाच पाठी बघत वाढलेल्या. त्यामुळे तासाभरापूर्वी कासिराने "वारा, आणि जरा आंबट ढेकर" म्हटल्यावर त्यांनी "दुखतंय का?" विचारलं. "थोडंसं" असं उत्तर आलं आणि हिरवी पट्टी बांधून झाली. तेव्हापासून कासिराने आपला नंबर दोघांना देऊन टाकला होता. एका तापलेल्या बाळाला, आणि एका बाईला, जिला फक्त घाई होती.

बसलेल्यांना दर तासाने पुन्हा बघून यायचं, हा सिस्टरचा नेम. रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या कासिरापाशी वाकल्या. मघाशी उजवा हात घेतला होता. आता उजव्या हाताने ती छातीशी ओढणी घट्ट धरून बसली होती.

"बरं, डावा द्या."

"राहू द्या, सिस्टर. घामेजलाय."

"माझे हात काय राजवाड्यातले आहेत?"

बाही वर सरकवली आणि सिस्टरचा हात थांबला. खांद्याकडून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने, जांभळेलाल वळ. ताजे. हाताला कधी कुणी खरवडतं का?

"मुर्ती, अजून कुठे कुठे ओढलंस नाणं?"

पोरीने आईकडे पाहिलं. "पहाटे आई म्हणेल तिथे. छातीवर मधोमध. मग खांदा. मग हात. मग म्हणाली, इथे जबड्यात पण आवळतंय."

तोंडाने "थोडंसं" म्हणणाऱ्या बाईने दुखण्याचा अख्खा नकाशा अंगावर काढून घेतला होता, आणि आपण तो बाहीखाली झाकलेला ठेवून तिला तासभर बसवलं. सिस्टरनी खिशातली कात्री काढली, आपणच बांधलेली हिरवी पट्टी कापली, लाल बांधली आणि भर हॉलमध्ये ओरडल्या, "मी चुकले! खुर्ची द्या!"

खुर्ची एकच होती. पाक दार्सोनो क्षणभरही न थांबता एका पायावर उठले. भिंतीला धरत म्हणाले, "न्या, न्या! अरे, बघता काय, दार उघडा कुणीतरी!" आणि हॉलमधल्या हिरव्या-पिवळ्या सगळ्यांनी मिळून वाट करून दिली.

आत डॉक्टर अरिंबी एका रुग्णाला टाके घालत होत्या. "सिस्टर, हिरव्या ना या?"

"होत्या. छाती, डावा हात, जबडा. आधी हृदयाचा आलेख काढा, मग मला बोला."

यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि हातातली सुई सहकाऱ्याकडे दिली. पुढची वीस मिनिटं नुसती धावपळ. चघळायची गोळी, सलाईन, गुठळी विरघळवणारं औषध. मुर्ती दाराशी उभी राहून पुटपुटत होती, "मी अजून जोरात खरवडत होते हो. मला वाटलं, निघेल."

"तू खरवडलंस म्हणून मला दिसलं," सिस्टर तिला म्हणाल्या. "रडायचं ते नंतर."

पाऊण तासाने दुसरा कागद आला. पहिल्यावर डोंगरासारखी चढलेली रेघ खाली उतरली होती. डॉक्टर अरिंबींनी दोन्ही कागद उजेडात धरले आणि एवढ्या शहाण्या बाईने शाळेतल्या पोरीसारखी उडी मारली. "वेळेत! सिस्टर, वेळेत!" बाहेर बातमी पोचायला क्षण लागला नाही. पाक दार्सोनो प्रत्येक नव्या येणाऱ्याला सांगत होते, "माझ्या खुर्चीतून गेली बाई!" घोट्यासाठी थांबून तीन तास झाले होते, त्याचं आता त्यांना काहीच नव्हतं.

कासिराच्या गालावर रंग आला होता. मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी दारात लागलेली. जाताजाताही तिचं चालूच, "किती त्रास दिला मी सगळ्यांना. वाराच होता, उगाच."

"आई, पुरे!" मुर्ती ओरडली. आवाज फाटला. "अजून वाराच?"

सिस्टर स्ट्रेचरशी वाकल्या. "इबू, पहाटे नेमकं काय वाटलं होतं?"

कासिराने सिस्टरचं मनगट धरलं, चांगलंच घट्ट.

"मरते की काय असं वाटलं, सिस्टर. आणि मला मरायचं नव्हतं. मला अजून खूप जगायचंय. एवढं मागायची लाज वाटत होती."