टाळूवरचं तेल

"मावशी, आजून घाला की तेल!" सविता काकुळतीला आली.

दौंडच्या त्या चाळीत तान्ह्या पोरांना न्हाऊ घालणाऱ्या सोजरबाईचा शब्द शेवटचा. तिच्या हाताला असा गुण, की यार्डात अडलेलं इंजिन तिनं एकदा एरंडेल चोळून चालू केलं होतं. खोटं वाटत असेल त्यानं इंजिनाला विचारावं.

पण सविताच्या आठ महिन्यांच्या रोहनपुढं तो गुण चालेना. कालपासून पाण्यासारखे जुलाब. टाळू खोल गेली की तेलानं भरायची आणि जुलाब थांबेस्तोवर पाणी तोडायचं, या दोन्ही रीती चाळीला सोजरबाईनंच लावलेल्या. आता तेल टाळूवर डबक्यासारखं साचलं होतं. पोर रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. रोज चोळायची ती गुबगुबीत मांडी आज सोजरबाईच्या हाताला रिकाम्या पिशवीसारखी लागली.

"सविता, रिक्षा बोलीव."

"तुमीच म्हनला ना, दात येत्यात?"

"म्हनले. चुकले. चल."

जिन्यात शेजारची गीताबाई आडवी आलीच. "आता मावशीच दवाखान्यात? मंग आमी कुनाकडं जायाचं?"

"दवाखान्यात," म्हणत सोजरबाई खाली उतरली.

रिक्षा अशी सुटली, की पुण्याची गाडी मागं पडली. रिक्षावाला तरी तसंच सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग विचारलं, "हे रोटासारख्या विषाणूचे जुलाब दिसतात. दातांचा काही संबंध नाही. अंगातलं पाणी संपलंय. पाणी बंद कुणी केलं?"

सविता खाली बघू लागली. वॉर्डात कुणाला तरी भेटायला आलेल्या चाळीतल्या दोन बायका कान टवकारून बसल्या. उद्या सकाळी सोजरबाईकडं त्यांच्याच घरच्या तान्ह्यांच्या अंघोळी होत्या.

"म्या," सोजरबाई म्हणाली.

"मग आता तुम्हीच पाजा. हे पुडीचं पाणी, चमच्याचमच्यानं. आईचं दूधही चालू राहू द्या. लघवी झाली की मला सांगा. तोवर काही खरं नाही."

त्या दोन बायका आपसांत कुजबुजल्या आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. सोजरबाईनं पोर मांडीवर घेतलं. एक चमचा. ओकलं. थोडं थांबून पुन्हा एक.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा तिच्या मांडीला ऊब लागली. आज एका बारशाला जायला म्हणून नेसलेलं मोरपिशी लुगडं भिजत चाललं.

"अगं बाई! मावशी, उठा, दुपटं घालते," सविता धडपडली.

"गप. हलवू नगंस," सोजरबाई म्हणाली. "हू दे त्याचं पुरतं."