तेवीस नंबरची बादली

सकाळी सातपासून मी सभागृहात गुलाबांचे काटे काढत बसले होते आणि तोवर माझं डोकं ठिकाणावर होतं. तेवीस नंबरची बादली समोर आली आणि सगळाच घोळ झाला.

आम्ही बाराजण हौशी. पैसा नाही, चहासुद्धा घरून न्यायचा. गावची वार्षिक मेजवानी, तीनशे पाहुणे आणि सजावटीला फुलं फक्त गावातल्या परसांमधली. ज्याने त्याने पहाटे कापायची, बादली दाराशी ठेवायची आणि निघून जायचं. बादलीवर नंबर, नाव नाही. मागच्या वर्षी प्रत्येकाला व्यासपीठावर आपलीच फुलं हवी होती आणि दोन बायकांची हातात कात्र्या घेऊन जुंपली होती, तेव्हापासून हा नियम. त्या दोघींतली एक मी. नावांची यादी आमच्या प्रमुख बाईंकडे असते. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना मेजरबाई म्हणतो.

तर तेवीस नंबर. पांढरे डेलिया, पाकळ्यांच्या टोकांना वांगी रंगाची बारीक कड. मी एक उलटा करून पाहिला. देठाजवळच्या पाकळ्या हिरवट. मी कात्री खाली ठेवली.

कारण हा डेलिया आता कुठेच नाही. माझ्या बाबांनी बी पेरून, नऊ वर्षं निवडून निवडून तो तयार केला होता. बाबा गेले त्या वर्षी कंद खणून जपायचं काम माझ्याकडे आलं. थंडी लागू नये म्हणून मी अतिशहाणीने ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले. दोन महिन्यांनी उघडते तर आत नुसता लगदा. रडत रडत ताईला फोन केला. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि तेव्हापासून सहा वर्षं आमच्यात अबोला. तिचं काय चुकलं? बाबांची एवढी एकच खूण उरली होती आणि ती मी कुजवली.

मग हे समोर काय होतं?

"तेवीस कोणाची?" मी मेजरबाईंना विचारलं.

"नियम म्हणजे नियम."

"अहो, माझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तो दरवर्षीच असतो," असं म्हणून त्यांनी मला व्यासपीठाकडे पिटाळलं.

मी टेबलं सजवत होते खरी, पण लक्ष कशातच नव्हतं. बाबांनी कुणाला कंद दिला असेल? छे! शेजाऱ्याला फूल द्यायचे तेही मोजून. मग चोरी? की मलाच भास होतोय? तीन वेळा जाऊन ती फुलं उलटी करून पाहिली. शेवटी एकाच टेबलावर दोन निळ्या फुलदाण्या मांडल्या, तेव्हा मेजरबाईंनी मला खाली बसवलं.

चार वाजता लोक रिकाम्या बादल्या न्यायला येतात. मी तेवीस नंबरची पालथी घालून तिच्यावरच ठाण मांडलं. बघूच कोण येतं ते.

"ऊठ," कोणीतरी म्हणालं.

ताई होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण सहा वर्षांत तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते तिचे.

"ही तुझी?" मी बादलीवर थाप मारली. "म्हणजे तुझ्याकडे होता? कुठून?"

"तू खणायच्या आदल्या दिवशी मी परसात गेले होते. अर्धे कंद काढून नेले, कुणाला न सांगता. तू धांदरट, तुझ्यावर भरवसा नव्हता."

"आणि मी सहा वर्षं स्वतःला खात बसले! माझ्याशी बोलणंसुद्धा टाकलंस!"

"तू फोनवर इतकी रडत होतीस, चोरून नेलेत हे कबूल करायचा धीरच झाला नाही," ती म्हणाली. "एखादा तरी कंद उरलाय का, असं विचारलं असतंस तर मला खोटं बोलता आलं नसतं. मग म्हटलं, बोलायलाच नको."

तिला धरून गदागदा हलवावं की मिठी मारावी, मला कळेना. दोन्ही करायचं होतं. मी तशीच बादलीवर बसून राहिले.

"मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीस," मी म्हणाले.

"मला तुझ्या दारावरून जायची लाज वाटायची गं. यंदा बादलीवर नाव नाही म्हणून फुलं ठेवायचं धाडस केलं."

पाहुणे यायला लागले होते. मेजरबाई लांबूनच आम्हाला बाहेर व्हायच्या खुणा करत होत्या.

"कंद काढायच्या वेळी मला बोलव," मी म्हणाले.

"कुजवशील."

"मग शेजारी बसून बघ ना मी काय करते ते!"

ताईने हात पुढे केला. मला वाटलं, बादली मागतेय. तिने मला उठवलं.