असाहेलसाठी प्रार्थना

१८३१ सालच्या वसंतात न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या कालव्याकाठच्या गावाला देवाचं वेडच लागलं होतं. दुकानं दुपारीच बंद, व्हिस्कीची पिंपं रस्त्यावर उपडी, आणि जो तो शेजाऱ्याच्या आत्म्यामागे हात धुऊन लागलेला. नवे पाद्री ग्रिडलीबुवा, त्यांची रीतही नवी. पाप्याचं नाव घ्यायचं, पाप सांगायचं, तेही भर सभेत. मोघम प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही म्हणे! बायकांनीसुद्धा उभं राहून बोलायचं. जन्मभर चर्चमध्ये तोंड मिटून बसलेल्या बायका त्या, मिळालेली संधी सोडतील कशाला?

विधवा केझाया टटलला मात्र बोलायची हौस नव्हती, भीती होती. थोरला असाहेल कालव्यावर होड्यांच्या कामाला असे. त्याचा उद्धार झाला नाही तर तो नरकात जळत राहील, या विचारानं तिला घास गिळवत नव्हता. धाकटा लायमन गेल्या वर्षी कालव्याच्या दरवाजापाशी बुडाला होता. होडी धरून ठेवणारा दोर तुटला, असं गाव म्हणायचं. खरं काय ते असाहेलनं एकट्या आईला सांगितलं होतं, चुलीपाशी, तिच्या मांडीत तोंड खुपसून. दोर तुटला नव्हता. तो असाहेलच्याच हातात होता, आणि असाहेल पिऊन झोपला होता. तेव्हापासून त्यानं थेंबालाही स्पर्श केला नव्हता.

"एकदा तरी सभेला चल," असं टुमणं तिनं महिनाभर लावलं. शेवटी तो म्हणाला, "येतो बाई! पण तिथं रडायला लागलीस, तर मी ओळख दाखवणार नाही." धुतलेला सदरा घालून तो आला आणि मागच्या बाकावर बसला. सगळ्यात पुढचा बाक रिकामा ठेवलेला असे. ज्याला पश्चात्ताप होई, त्यानं उठून तिथं येऊन बसायचं.

बुवांनी विचारलं, "कुणाच्या आत्म्याची काळजी कुणाला जाळते आहे?"

केझाया उठली. डोळे घट्ट मिटून म्हणाली, "देवा, माझ्या असाहेलला वाचव! तो दारू प्यायला, त्यानं दोर सोडला, म्हणून माझा लायमन बुडाला. त्याला क्षमा कर रे देवा!"

सभेत हुंदके फुटले. मागून बुटांचा आवाज आला. उठला, माझा लेक उठला! आनंदानं तिचा जीव भरून आला. तिनं डोळे उघडले, तर पुढचा बाक रिकामाच होता आणि चर्चचं दार सताड उघडं होतं.

ती धावत घरी आली. असाहेल गाठोडं बांधत होता.

"अरे, तुझ्यासाठीच देवाला सांगितलं मी!"

"देवाला ठाऊक होतं गं, आई. तो होता तिथं. मी फक्त तुला सांगितलं होतं."

"चुकलं माझं, बाळा. सोडून जाऊ नकोस मला असं. थांब रे!"

"तुझं नाही चुकलं. तुला सांगितलं, ते माझं चुकलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडला असता, तर तिनं मनवलं असतं. त्यानं सदऱ्यातून तिची बोटं एकेक करून हळूच सोडवली आणि बफेलो शहराकडे निघालेल्या होडीवर चढला. काठावर उभी असलेली माणसं त्याच्याकडे टकमका बघत होती.

संध्याकाळी शेजारची लोविना मक्याची गरम भाकरी घेऊन आली. बाई नुसती फुलून आली होती.

"काय प्रार्थना केलीस गं! दगडाला पाझर फुटेल. बुवा म्हणाले, घरोघरी अशी आई हवी. आणि असाहेल कुठाय? तरला ना पोरगा?"

केझायानं भाकरी घेतली नाही.

"दोन लेक होते मला, लोविना," ती म्हणाली. "एक कालव्यानं नेला. दुसरा मी माझ्या तोंडानं घालवला."